ईआर-पीआरची पहिली स्लाइड: कोकणातल्या लॅबमध्ये नव्याने रुजू झालेल्यांसाठी

डीएमएलटी झालं, पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, आणि पहिल्याच महिन्यात कोणीतरी हातात बोटाएवढी बाटली ठेवून सांगितलं, "ही ईआरची अँटीबॉडी. जपून वापर, महाग आहे." अँटीबॉडी म्हणजे ठराविक प्रथिनालाच शोधून चिकटणारं प्रथिन. त्या दिवसापासून नव्या माणसाचं सगळं लक्ष त्या बाटलीवर खिळतं. माझंही खिळलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लॅबमध्ये इतकी वर्षं स्लाइड्स रंगवल्यावर आता नव्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी सांगते, की बाटलीचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. ईआर-पीआर ही स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीवरची तपासणी, शोधतोय ते प्रथिन गाठीत असेल तर स्लाइडवर तपकिरी रंग येतो. तो येणार की नाही याचा अर्धा निकाल गाठ कापून बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या तासात लागून गेलेला असतो. तो तास मंडणगडच्या किंवा राजापूरच्या एखाद्या ऑपरेशन थिएटरात सरतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून हा लेख बाटलीपासून नाही, डब्यापासून सुरू होतो. त्याआधी आपण नक्की काय शोधतोय ते थोडक्यात.

आपण शोधतोय काय

स्तनाच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या जोरावर वाढतात. पेशीच्या केंद्रकात त्या संप्रेरकाला धरणारं एक प्रथिन असतं. पुस्तकात त्याला ग्राही म्हणतात, आपण लॅबमध्ये रिसेप्टर म्हणतो. इस्ट्रोजेन रिसेप्टर म्हणजे ईआर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर म्हणजे पीआर. गाठीत ईआर असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी काम करते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी ती गोळी इस्ट्रोजेनची जागा अडवते आणि पेशीला वाढीचा हुकूम मिळत नाही. ईआर नसेल तर ती गोळी देऊन उपयोग नाही.

अंडाशय काढल्यावर काही बायकांच्या स्तनातली गाठ लहान होते, हे स्कॉटिश सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्येच लिहून ठेवलं होतं. असं का होतं त्याचं उत्तर १९५० च्या दशकाच्या शेवटी शिकागोत एल्वुड जेन्सन यांना मिळालं. त्यांनी किरणोत्सर्गी इस्ट्रोजेन वापरून तो पेशीत कुठे जाऊन बसतो ते शोधलं. पुढे कित्येक वर्षं ही तपासणी म्हणजे ताजी गाठ ताबडतोब गोठवायची, दळायची आणि किरणोत्सर्ग मोजायचा, असा प्रकार होता. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातून ते कधीच जमलं नसतं. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची अँटीबॉडी हवी तेवढी बनवायची युक्ती काढली. १९८० मध्ये जेन्सन आणि जेफ्री ग्रीन यांनी ईआरविरुद्ध तशा अँटीबॉडी बनवल्या. १९९१ च्या सुमाराला बफरमध्ये उकळून मेणाच्या ब्लॉकमधली (गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या वडीतली) प्रथिनं पुन्हा उघडी करायची पद्धत आली, आणि फॉर्मॅलिनमध्ये बुडवून लाल डब्याने पाठवलेल्या गाठीवरही ही तपासणी करता येऊ लागली. आज आपण जे करतो ते त्या उकळण्यावर उभं आहे. पण उकळून सगळंच परत मिळत नाही.

पहिली पायरी: डबा येण्याआधीचा तास

रक्तपुरवठा तुटला की गाठीतली प्रथिनं मोडायला लागतात. गाठ शरीराबाहेर आल्यापासून १ तासाच्या आत ती फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. नंतर कमीत कमी ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये राहिली पाहिजे. हे आकडे अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी मिळून ठरवलेल्या नियमावलीतले आहेत आणि आपल्याकडेही तेच पाळतात.

फॉर्मॅलिन म्हणजे १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन. बाजारातलं कडक फॉर्मॅलिन १०० मिलिलिटर, डिस्टिल्ड पाणी ९०० मिलिलिटर, मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायबेसिक सोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास. नुसतं नळाचं पाणी घालून पातळ केलेलं फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होत जातं, त्यात ठेवलेल्या गाठीचं स्टेनिंग फिकं येतं. गाठीच्या निदान दहापट फॉर्मॅलिन हवं. चिवड्याच्या बरणीत कोंबून बसवलेला स्तन आणि वरून वाटीभर फॉर्मॅलिन, असा डबा आला तर तो घ्यायचा, पण त्याच क्षणी फॉर्मवर तसं लिहून ठेवायचं.

ताशी साधारण एक मिलिमीटर एवढ्याच वेगाने फॉर्मॅलिन आत शिरतं, चरबीत त्याहून सावकाश. माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली एक स्लाइड मी अजून विसरलेले नाही. पूर्ण स्तन न कापता, अखंड, दोन दिवस फॉर्मॅलिनमध्ये ठेवून आमच्याकडे आला होता. बाहेरचा भाग कडक, आतला कच्चा. ईआरची स्लाइड रंगवली तर गाठीच्या कडेला गडद तपकिरी केंद्रकं, आणि मध्ये काहीच नाही. एकाच गाठीत, एकाच स्लाइडवर. त्या दिवशी सेक्शन, म्हणजे काचेवर घ्यायचा पातळ काप, मधल्या भागातूनच घेतला असता तर ती गाठ आम्ही निगेटिव्ह म्हणून पाठवली असती.

तेव्हापासून मी सर्जनकडच्या सिस्टरांना फोन करून दोन गोष्टी मागते. पहिली, स्तन काढल्याबरोबर गाठीतून एक-एक सेंटिमीटरवर सुरीने काप द्यायचे, पण पूर्ण तुकडे करायचे नाहीत, मागची बाजू जोडलेली राहू द्यायची. सर्जनना मार्जिन, म्हणजे काढलेल्या भागाची कड, बिघडायची काळजी असते, ती खरी आहे. म्हणून कुठून कापायचं ते आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी त्यांच्याशी आधीच बोलून ठरवलं. दुसरी, फॉर्मवर दोन वेळा लिहायच्या: गाठ बाहेर काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची. सिस्टरांना "ताई, एवढं लिहाच" असं प्रत्येक वेळी सांगावं लागतं. सांगायचं. कंटाळायचं नाही.

सुईने घेतलेली बायोप्सी असेल तर ईआर-पीआर तिच्यावरच करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. बारीक तुकडे असतात, लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडतात, आतपर्यंत नीट मुरतात. गणपतीच्या आठवड्यात तर नक्कीच. कुरिअर बंद, रेल्वेला मुंगी शिरायला जागा नाही, निम्मा स्टाफ गावी. तेव्हा आलेली मोठी सर्जरी चार-पाच दिवस पडून राहण्याची भीती असते. सणाच्या आधीच ग्रॉसिंगला, म्हणजे आलेली गाठ बघून कापायला, कोण येणार ते ठरवून भिंतीवर लावा. कापून कॅसेटमध्ये घातलेले तुकडे वेळेवर प्रोसेसिंगला गेले पाहिजेत.

दुसरी पायरी: ब्लॉक आणि सेक्शन

सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचे घ्या. स्लाइड साधी नको, चार्ज्ड किंवा पॉली-एल-लायसिन लावलेली हवी. साध्या काचेवरून उकळताना सेक्शन उठून बफरमध्ये तरंगायला लागतो आणि पुन्हा कापायला कधी कधी ब्लॉकमध्ये काही उरलेलं नसतं. वॉटर बाथमध्ये अंड्याचा बलक किंवा जिलेटिन घालायची जुनी सवय कोणाला असेल तर या स्लाइड्ससाठी ती सोडा. सेक्शन उभे ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या, मग ६० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये.

जून ते सप्टेंबर आपल्या हवेत एवढी ओल असते की कापून ठेवलेल्या स्लाइड्स बॉक्समध्येच दमट होतात. सेक्शनमध्ये राहिलेलं पाणी आणि बाहेरून येणारी ओल, दोन्हींमुळे रिसेप्टरची ओळख पुसत जाते. कोऱ्या कापलेल्या स्लाइड्स ६ आठवड्यांपेक्षा जुन्या वापरू नका, हा सर्वसाधारण नियम. पावसाळ्यात मी त्याच आठवड्यात कापून त्याच आठवड्यात रंगवते. बॉक्समध्ये सिलिका जेल ठेवा आणि निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये सुकवा.

हाडात गेलेली गाठ असेल तर कडक आम्लात डीकॅल्सिफाय केलेल्या (कॅल्शियम काढून मऊ केलेल्या) तुकड्यावर आलेला निगेटिव्ह निकाल भरवशाचा नसतो. असा तुकडा आला की मॅडमना आधी सांगा.

तिसरी पायरी: बाटली वाचायला शिका

आता बाटली. माहितीपत्रक फेकून देऊ नका, फाइलला लावा. त्यावर पाहायचं ते असं.

क्लोनचं नाव, म्हणजे अँटीबॉडीचा नेमका वाण. ईआरसाठी एसपी१ आणि ईपी१ या सशाच्या, ६एफ११ आणि १डी५ या उंदराच्या अँटीबॉडी प्रसिद्ध आहेत. पीआरसाठी उंदराची पीजीआर ६३६ किंवा सशाची १ई२. प्रत्येक क्लोन रिसेप्टरच्या वेगवेगळ्या तुकड्याला चिकटतो, म्हणून एका क्लोनसाठी बसवलेली पद्धत दुसऱ्याला जशीच्या तशी लागू होत नाही. उंदराची आहे की सशाची, हे पाहून दुसऱ्या टप्प्यातलं पॉलिमर (पहिल्या अँटीबॉडीला धरून रंग उमटवायला मदत करणारं द्रव्य) दोन्हींना चालणारं आहे ना याची खात्री करा. पॉलिमर चुकीचं असेल तर अख्खी बॅच पांढरी येते.

मेणाच्या ब्लॉकवर चालते की नाही. काही अँटीबॉडी फक्त वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं वेगळी करून पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या तपासणीसाठी) असतात, तिथे प्रथिन उलगडलेलं असतं. तिथे चांगली पट्टी देणारी अँटीबॉडी ब्लॉकवर काहीच न दाखवू शकते आणि उलटही होतं. माहितीपत्रकावर "फक्त संशोधनासाठी" असं असेल तर ती रुग्णाच्या रिपोर्टसाठी नाही.

अल्फा की बीटा. आपण रिपोर्टमध्ये ज्याला ईआर म्हणतो तो ईआर-अल्फा, सुमारे ६६ किलोडाल्टनचा. ईआर-बीटा हा वेगळ्या जीनचा वेगळा रिसेप्टर, १९९६ मध्ये सापडला. बीटाची गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला माहीत असावी असं मला वाटतं. वीस वर्षं जगभर त्यावर संशोधन झालं, आणि २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी बीटासाठीच्या १३ अँटीबॉडी काटेकोरपणे तपासल्या तेव्हा त्यातली एकच खरोखर बीटाला ओळखते असं दिसलं. बाकीच्यांत बऱ्याच वापरात असलेल्याही होत्या. लेबलवर नाव छापलेलं आहे म्हणून ती तेच ओळखते असं नाही. ज्या पेशीत रिसेप्टर नक्की आहे आणि ज्यात नक्की नाही, अशा दोन्हींवर लावून बघितल्याशिवाय कोणत्याही अँटीबॉडीवर विश्वास ठेवायचा नाही. संशोधनाच्या लॅबमध्ये त्यासाठी एमसीएफ-७ ही ईआर असलेली पेशीरेषा आणि एमडीए-एमबी-२३१ ही ईआर नसलेली पेशीरेषा वापरतात. आपल्याकडे तेच काम जुने, निकाल पक्का माहीत असलेले ब्लॉक करतात.

तयार पातळ केलेली आहे की कडक. तयार बाटली लहान लॅबसाठी सोयीची, चूक व्हायला जागा कमी. कडक बाटली स्वस्त पडते, पण प्रमाण स्वतः बसवावं लागतं.

आणि थंडाव्याचा प्रश्न. अँटीबॉडी २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. मुंबईहून किंवा पुण्याहून येणारं पार्सल दुपारी दारात पडून राहू देऊ नका. उघडल्यावर जेल पॅक थंड आहेत का ते हात लावून पाहा आणि वेळेसकट लिहून ठेवा. बाटली फ्रीजच्या दारात नको, मागच्या भिंतीला चिकटूनही नको, तिथे ती गोठते. तयार पातळ केलेली बाटली डीप फ्रीझरमध्ये कधीही टाकू नका. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर फ्रीजमध्ये हवाच.

वीज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे किती दिवस वीज नव्हती ते तिकडच्यांना सांगायला नको. साध्या पावसातही झाड तारेवर पडलं की रात्र जाते. अशा वेळी घाबरून बाटल्या फेकणं आणि काही झालंच नाही असं समजून वापरणं, दोन्ही चूक. अँटीबॉडी तशी चिवट असते, काही तासांत मरत नाही. फ्रीज उघडू नका, बाटल्या थर्माकोलच्या डब्यात जेल पॅकबरोबर ठेवा, वीज आल्यावर कमाल तापमान वहीत लिहा, आणि पहिली बॅच रुग्णाची न लावता फक्त कंट्रोलची, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेल्या तुकड्यांची, लावा. आधीच्या महिन्याच्या कंट्रोल स्लाइडशेजारी ठेवून बघा. कमजोर पॉझिटिव्ह कंट्रोल तितकाच उमटला तर पुढे जा.

चौथी पायरी: प्रमाण बसवणं

कडक बाटली आली की १:५०, १:१००, १:२०० आणि १:४०० अशी चार प्रमाणं करा. १:१०० म्हणजे १० मायक्रोलिटर अँटीबॉडी आणि ९९० मायक्रोलिटर डायल्युएंट (पातळ करायचं द्रावण). एका स्लाइडला १५० मायक्रोलिटर धरलं तर त्यात ६ स्लाइड होतात, थोडं उरतं.

ही चारही प्रमाणं चार तुकड्यांवर लावा: गर्भाशयमुख, जोरदार पॉझिटिव्ह गाठ, कमजोर पॉझिटिव्ह गाठ, आणि निगेटिव्ह गाठ. नवशिके हमखास जोरदार गाठीकडे पाहून प्रमाण ठरवतात. ती गाठ १:४०० लाही झकास तपकिरी येते आणि पैसे वाचल्याचा आनंद होतो. ठरवायचं असतं ते कमजोर गाठीवरून. कमजोर गाठीतली केंद्रकं स्पष्ट दिसतात आणि निगेटिव्ह गाठीची पार्श्वभूमी स्वच्छ राहते, असं सगळ्यात पातळ प्रमाण निवडा. नवा लॉट (त्याच अँटीबॉडीची पुढची खेप) आला की हे सगळं नाही, पण जुन्या आणि नव्या लॉटची एकेक बॅच शेजारी शेजारी लावलीच पाहिजे.

पाचवी पायरी: स्टेनिंग

झायलीनच्या तीन जारमध्ये ५-५ मिनिटं, मग उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात. मेण राहिलं तर त्या जागी डाग येतो, म्हणून पावसाळ्याच्या गार दिवसांत झायलीनला थोडा जास्त वेळ द्या.

मग उकळणं, ज्याला सगळे रिट्रीव्हल म्हणतात. ईआर-पीआरच्या बहुतेक क्लोनना पीएच ९ चं ट्रिस-ईडीटीए मानवतं: १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ट्रिस १.२१ ग्रॅम, ईडीटीए ०.३७ ग्रॅम, पीएच ९.०, ट्वीन-२० अर्धा मिलिलिटर. माहितीपत्रक पीएच ६ चं सायट्रेट सांगत असेल तर ते वापरा. ९५ ते ९८ अंशांवर २० ते ४० मिनिटं, किंवा प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर २ ते ३ मिनिटं. छोट्या लॅबमध्ये स्टीलचा कुकर उत्तम काम करतो, फक्त वेळ शिट्ट्या मोजून नाही, घड्याळ लावून मोजा. बफर आधी उकळा, मग स्लाइड टाका. संपल्यावर स्लाइड त्याच बफरमध्ये २० मिनिटं थंड होऊ द्या. घाईने गार पाणी ओतलं की सेक्शन सुटतात.

इथून पुढे सेक्शन एक क्षणही कोरडा पडता कामा नये. कोरडी पडलेली कड नेहमी खोटी तपकिरी दिसते. स्लाइड ओला टिश्यू पेपर घातलेल्या, झाकणाच्या पेटीत आडव्या ठेवा.

पुढचा क्रम सरळ आहे. बफरने धुणं. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं. धुणं. पहिली अँटीबॉडी, पत्रकात असेल त्याप्रमाणे ३० ते ६० मिनिटं. धुणं. पॉलिमर साधारण ३० मिनिटं. धुणं. डॅब, म्हणजे तपकिरी रंग देणारं रसायन, ५ ते १० मिनिटं, तेही ताजं मिसळलेलं. धुणं म्हणजे नुसतं बुडवणं नाही, ५-५ मिनिटं दोनदा. डॅब हातमोज्याशिवाय हाताळू नका आणि सिंकमध्ये ओतू नका, त्याची वेगळी बाटली ठेवा.

पत्रकात "रूम टेम्परेचर" लिहिलेलं असतं, ते २० ते २५ अंश. मे महिन्यातल्या रत्नागिरीची खोली म्हणजे रूम टेम्परेचर नव्हे. एसी बंद असेल तर ३२-३३ अंशांवर प्रक्रिया जोरात होते, पार्श्वभूमी गढूळ येते, आणि जानेवारीच्या स्लाइडशी तुलनाच राहत नाही. एसी किंवा इन्क्युबेटर, कोणत्याही एका तापमानावर ठाम राहा आणि प्रत्येक बॅचला ते लिहा.

शेवटी हिमॅटॉक्सिलिन, म्हणजे केंद्रकांना निळा रंग देणारं, हलकं, मिनिटभर. गडद झालं तर कमजोर तपकिरी निळ्याखाली झाकलं जातं. नंतर ते निळं व्हायला किंचित अल्कधर्मी पाणी लागतं. आपल्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी बऱ्याचदा थोडं आम्लधर्मी असतं, त्यात स्लाइड कितीही वेळ ठेवली तरी जांभळटच राहते. पाण्याला पीएचची पट्टी लावून बघा. ७ च्या खाली असेल तर १ लिटर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम घालून ठेवा, त्यात मिनिटभर पुरतं. मग चढतं अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स (काच चिकटवायचा डिंक), कव्हरस्लिप.

सहावी पायरी: आधी कंट्रोल, मग रुग्ण

रुग्णाच्या गाठीकडे बघायची घाई होते. होऊ देऊ नका. मायक्रोस्कोपखाली पहिली स्लाइड कंट्रोलची.

गर्भाशयमुखात ग्रंथीच्या पेशी, स्क्वेमस थरातल्या खालच्या पेशी आणि स्ट्रोमातल्या (आधार देणाऱ्या ऊतीतल्या) पेशींची केंद्रकं तपकिरी दिसली पाहिजेत. ईआरसाठी टॉन्सिलही ठेवा. त्यात जर्मिनल सेंटरमध्ये तुरळक पेशी हलक्या तपकिरी येतात, बाकीच्या लिम्फोसाइट कोऱ्या राहतात. त्या तुरळक पेशी दिसल्या नाहीत तर तुमची पद्धत कमजोर पडते आहे. टॉन्सिल मिळवणं सोपं, कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना सांगून ठेवा. शक्य असेल तर कंट्रोलचा छोटा तुकडा रुग्णाच्याच स्लाइडवर एका टोकाला चिकटवा, म्हणजे दोघांना एकच थेंब आणि एकच उकळी मिळते. शिवाय एक स्लाइड पहिल्या अँटीबॉडीशिवाय, फक्त डायल्युएंट घालून. ती कोरी यायला हवी.

पण सगळ्यात मोलाचा कंट्रोल रुग्णाच्या स्लाइडवरच असतो. गाठीशेजारच्या निरोगी नलिका आणि लोब्यूल. त्यांच्या आतल्या थरातल्या काही पेशी तपकिरी असतातच, सगळ्या नाही, विखुरलेल्या. गाठ कोरी आणि शेजारची नलिका विखुरलेली तपकिरी, तर निगेटिव्ह निकालाला आधार आहे. गाठही कोरी आणि नलिकाही कोरी, तर तो निगेटिव्ह नाही, ती तपासणीच झालेली नाही. बाहेरचा कंट्रोल कितीही सुंदर आला असला तरी. दुसरा ब्लॉक काढा, बायोप्सी मागवा, पुन्हा लावा.

हे मी एवढं ठासून का सांगते त्याला कारण आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड प्रांतात १९९७ ते २००५ या काळातल्या ईआर-पीआर तपासण्या चुकल्याचं उघड झालं. हजाराच्या आसपास रुग्णांच्या गाठी दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासाव्या लागल्या आणि साडेतीनशेहून अधिक जणांचे निकाल बदलले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २००९ मध्ये आला. फिक्सेशन, कंट्रोलकडे दुर्लक्ष, गुणवत्ता तपासणीचा अभाव, सगळं आपल्या रोजच्या टेबलावरचं. ज्या गोळीचा त्यांना उपयोग झाला असता ती त्यांना दिली गेली नाही, आणि त्यातल्या काही जणी सत्य कळेपर्यंत हयात नव्हत्या.

सातवी पायरी: स्लाइड वाचताना

रिपोर्ट पॅथॉलॉजिस्ट देतात, पण स्लाइड पहिल्यांदा बघणारे तुम्ही असता. फक्त केंद्रकातला रंग मोजायचा. सायटोप्लाझम तपकिरी असेल तर ते सोडून द्या आणि पार्श्वभूमी तपासा. गाठीच्या १ टक्का किंवा अधिक पेशींची केंद्रकं रंगली तर पॉझिटिव्ह. ईआर १ ते १० टक्क्यांमध्ये असेल तर २०२० च्या नियमावलीप्रमाणे "लो पॉझिटिव्ह" असं वेगळं लिहितात. टक्क्यांबरोबर रंगाची तीव्रता लिहायची. ऑलरेड स्कोअर वापरत असाल तर प्रमाणाचे ० ते ५ आणि तीव्रतेचे ० ते ३ मिळवून बेरीज करतात, ३ आणि त्यावर पॉझिटिव्ह.

काही निकाल दिसले की मॅडमना सांगण्याआधी स्वतः थांबायची सवय लावा. ईआर निगेटिव्ह पण पीआर जोरदार पॉझिटिव्ह: शक्य आहे, पण विरळ, बहुतेकदा ईआर पुन्हा लावावा लागतो. कमी ग्रेडची, लोब्युलर किंवा म्युसिनस गाठ आणि ईआर शून्य: या गाठी बहुधा पॉझिटिव्ह असतात, पुन्हा लावा. एकाच बॅचमधल्या सगळ्याच गाठी निगेटिव्ह: योगायोग समजू नका. पुन्हा लावायला एक स्लाइड आणि दीडशे मायक्रोलिटर लागतात. महाग बाटलीचा तो सगळ्यात योग्य खर्च आहे.

वही, दुसऱ्याचे डोळे आणि ब्लॉक

प्रत्येक बॅचला तारीख, क्लोन, लॉट, प्रमाण, बफरचा पीएच, उकळण्याची वेळ, खोलीचं तापमान आणि कंट्रोल कसा आला, हे एका ओळीत. सहा महिन्यांनी एखादी बॅच फिकी आली की हीच वही कारण सांगते. वर्षभरात किती टक्के गाठी ईआर पॉझिटिव्ह आल्या तेही मोजा. आकडा एकदम घसरला तर रुग्ण बदललेले नसतात, तुमचं काहीतरी बदललेलं असतं. बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत नाव नोंदवणं सर्वात चांगलं. डेन्मार्कमधली नॉर्डिक्यूसी ही संस्था २००३ पासून हेच काम करते आणि कोणता क्लोन कोणत्या पद्धतीने चांगला येतो ते सगळ्यांना वाचायला ठेवते. ते जमेपर्यंत निदान जवळच्या एखाद्या लॅबशी महिन्याला पाच ब्लॉकची अदलाबदल करा, एकमेकांचा निकाल न बघता.

ब्लॉक कधीही टाकू नका आणि त्यांचं कपाट तळमजल्यावर ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं ते आठवा.

आणि एक दिवस एखादा मुलगा किंवा पुतण्या काउंटरवर येतो, आईला परळला टाटा हॉस्पिटलमध्ये न्यायचं आहे, ब्लॉक द्या म्हणतो. त्यांना ताटकळत ठेवू नका. रजिस्टरवर सही घ्या, ब्लॉकवरचा नंबर त्यांच्यासमोर वाचून दाखवा, कापसात गुंडाळून लहान डबीत घाला. मेण ५६ ते ५८ अंशांना वितळतं आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते मऊ पडतं, म्हणून डबी हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. डबीत एक चिठ्ठी टाका: गाठ किती वाजता काढली, किती वाजता फॉर्मॅलिनमध्ये गेली, एकूण किती तास राहिली, आपण कोणता क्लोन लावला. तिकडे जो कोणी ही गाठ पुन्हा रंगवेल, त्याला या चार ओळी दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत.